बॅटरी मेली की उपाशी राहिली? सोलर, इन्व्हर्टर आणि भंगाराच्या ढिगाबद्दल

वणीकडच्या एका तरुण कास्तकाराचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: “घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी पाच वर्षांत दुसऱ्यांदा गेली. वावरात सौर पंप आला आहे, कुंपणाला झटका मशीनही आहे. ग्रामपंचायतीचे सोलर दिवे दोन पावसाळ्यांतच बंद पडले, आता नुसते खांब उभे आहेत. सगळे म्हणतात सोलर म्हणजे पर्यावरणाचं भलं, मला तर भंगाराचा ढीगच दिसतो. मग घरावर सोलर टाकू का? लिथियम बॅटरी घेऊ का? आणि हा ढीग द्यायचा कुणाला?”

भाऊ, तुम्हाला ढीग दिसतो हे बरंच आहे, बहुतेकांना तोही दिसत नाही. माझं तालुक्याच्या गावी रिपेरिंगचं दुकान आहे. सव्वीस वर्षं झाली. रेडिओ-टीव्हीपासून सुरुवात केली, आता इन्व्हर्टर, पंपाचे कंट्रोलर, झटका मशीन हेच काम जास्त. तुम्ही म्हणता तो ढीग माझ्या मागच्या पडवीत रोज वाढतो. तरीही मी सोलरच्याच बाजूचा आहे, आणि त्याचं कारण तुमच्या गावाजवळच आहे. तुमच्याकडून कोळशाचे ट्रक जातात ते कुठे जातात? एकट्या चंद्रपूरच्या वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. देशाच्या ग्रीडवरचं एक युनिट वापरलं की साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. राख वेगळीच. उलट पॅनेल तयार करायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी ते आपल्या उन्हात वर्ष-दोन वर्षांत परत करतं, आणि पंचवीस वर्षं चालतं.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की तो ढीग एकदा उपसून बघा. त्यात पॅनेल फारसं सापडणार नाही. सापडतील बॅटऱ्या, एलईडी बल्ब, चार्जर, कंट्रोलरचे बोर्ड. म्हणजे सूर्य चुकला नाही, त्याच्या मागे जोडलेलं सामान अकाली मेलं. आणि ते कशाने मेलं हे कळलं की तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बरीचशी मिळतात.

ग्रामपंचायतीच्या दिव्याचं सांगतो. एका गावचे पाच दिवे माझ्याकडे आले होते, “बॅटऱ्या गेल्या, नवीन टाका” म्हणून. पहिला डबा खोलला. आत ३२६५० नंबरचे बारा लिथियम सेल, चार-चारच्या तीन रांगा. प्रत्येक सेल मीटरवर तपासला. बारापैकी दहा ठणठणीत होते. दोन सेल खाली गेलेले, आणि ते का गेले तर डब्याच्या झाकणाचं रबर उन्हाने तडकलं होतं, पाणी शिरून एका टोकाची निकेलची पट्टी गंजली होती. चार्जिंगचं कनेक्टर हिरवं पडलं होतं. डबा पॅनेलच्या अगदी पोटाशी, वरून पॅनेलची धग, खालून लोखंडी खांबाची. पाच दिव्यांत मिळून मला नऊ सेल बदलावे लागले, पाचही चालू झाले. ठेकेदाराचा माणूस मात्र साठच्या साठ सेल भंगारात काढून नवे लावायला निघाला होता, कारण त्याच्या अंदाजपत्रकात “दुरुस्ती” नावाची ओळच नव्हती. तुमच्या गावातले खांब पाडायच्या आधी एक डबा खाली उतरवून कुणाकडून तरी खोलून बघा, एवढंच.

आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्स मारतात दोन गोष्टी. एक ऊन, दुसरी लाईन.

उन्हाचं आधी. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, मे महिन्यात ४५ अंश म्हणजे नवल नाही. कंपनीच्या कागदावर बॅटरीचं आयुष्य लिहिलेलं असतं ते २५ अंशांचं. त्याच्या वर दर आठ-दहा अंशांना शिशाच्या बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. बोर्डावरचा इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर, तो नळकांड्यासारखा दिसतो तो, त्याचाही हिशेब तसाच आहे: दहा अंश वाढले की आयुष्य अर्धं. आता तुमचा इन्व्हर्टर कुठे ठेवलाय ते आठवा. बहुतेक घरी तो पत्र्याच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला, शोकेसच्या खाली कोंबलेला असतो, कारण तो दिसायला बरा दिसत नाही. तोच काढून आतल्या थंड खोलीत मोकळ्या हवेला ठेवला तर त्यासाठी एक रुपया खर्च न करता वर्ष-दीड वर्ष जास्त चालतो. सौर पंपाच्या कंट्रोलरवरही दक्षिण-पश्चिमेकडून ऊन येतं. वरून छोटं छप्पर करा, पण मागच्या पंख्यांची हवा मोकळी ठेवा. गोणपाट गुंडाळू नका. असे गुंडाळलेले दोन कंट्रोलर माझ्याकडे शिजून आलेत.

जाता जाता एक गैरसमज. जितकं ऊन कडक तितकी वीज जास्त, असं लोक समजतात. तसं नाही. मे महिन्यात दुपारी पॅनेलचा सेल ७० अंशांपर्यंत तापतो, आणि २५ च्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के ताकद कमी होते. म्हणजे पंधरा-सोळा टक्के वीज नुसत्या तापण्यात गेली. फेब्रुवारीतली स्वच्छ, गार दुपार पॅनेलला जास्त मानवते. म्हणून गच्चीला चिकटवून पॅनेल बसवू देऊ नका, खालून वारा खेळला पाहिजे. धुवायचं तर सकाळी, पॅनेल गार असताना. खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी बोअरचं पाणी अजिबात वापरू नये, पांढरा थर बसतो आणि तो मग घासूनही निघत नाही.

आता लाईन. गावच्या फीडरवर संध्याकाळी १५०-१६० व्होल्ट आणि रात्री सगळे झोपले की २७०, हे तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या बॅटरीचं कोडं मला इथेच सुटेल असं वाटतं. इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको असं लिहिलेलं. दुकानदार बसवताना यूपीएसवर ठेवून जातो, कॉम्प्युटर बंद पडू नये म्हणून. पण यूपीएसवर असताना लाईन १८० व्होल्टच्या खाली आली की बहुतेक इन्व्हर्टर तिला “लाईन नाही” असंच समजतो. म्हणजे घराबाहेर खांबावर दिवा जळतोय, शेजाऱ्याचा पंखा फिरतोय, आणि तुमचा इन्व्हर्टर मात्र बॅटरी खात बसलाय. चार्जिंग नाहीच. असं रोज संध्याकाळी चार-पाच तास. बॅटरी कधी पोटभर जेवतच नाही. अर्धपोटी बॅटरीच्या पाट्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि दोन-अडीच वर्षांत ती “गेली”. नॉर्मलवर केलं की तोच इन्व्हर्टर १००-१२० व्होल्टपासून चार्ज करायला लागतो. गेल्या उन्हाळ्यात अशा किती बॅटऱ्या आल्या याचा हिशेब ठेवला नाही, पण दर आठवड्याला एखादी तरी होतीच. नुसतं बटण.

बल्बचंही तेच. नऊ वॉटचा एलईडी बल्ब गेला की त्याची पांढरी टोपी नखाने काढून बघा. आत गोल पत्र्यावर पिवळे ठिपके असतात, त्यातल्या एकावर मधोमध काळा डाग पडलेला दिसेल, जुवारीच्या दाण्याला कीड लागावी तसा. सगळे ठिपके माळेसारखे एकापुढे एक जोडलेले, म्हणून एक तुटला की माळ विझते. आमच्याकडे तो एक ठिपका बदलून वीस-तीस रुपयांत बल्ब देतात. पण घेताना स्वस्तातला बल्ब घेतला असेल तर त्यात वेगळा ड्रायव्हरच, म्हणजे व्होल्टेज सांभाळणारं सर्किटच नसतं, सगळं त्याच पत्र्यावर. २७० व्होल्ट आले की ठिपकाच मार खातो. वीस रुपये जास्त देऊन चांगला ड्रायव्हर असलेला बल्ब घेणं हे आपल्या लाईनवर खरं पर्यावरणाचं काम आहे. सगळे बल्ब दुरुस्त करावेत असं मात्र मी म्हणत नाही. उघडाबागडा झालेला बल्ब लेकरांच्या हाताशी लटकवून ठेवणारेही पाहिलेत, आत २३० व्होल्ट उघडे असतात.

मग कुठली जुनी वस्तू जपायची आणि कुठली काढायची? माझं गणित सोपं आहे. जी वस्तू वीज कमी खाते, तिचं खरं ओझं ती बनवतानाच पडून गेलेलं असतं. मोबाईलचं तर जवळपास ऐंशी टक्के प्रदूषण कारखान्यातच होतं, तुमच्या हातात येण्याच्या आधी. असा मोबाईल, रेडिओ, झटका मशीन, कंट्रोलर, यांना शेवटपर्यंत दुरुस्त करा, बॅटरी बदला, डिस्प्ले बदला, दोन वर्षं जास्त ओढा. उलट जी वस्तू वीज जास्त खाते तिचं ओझं रोज चालू असतं, तिला माया लावून उपयोग नाही. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या नव्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास, वर्षातले आठ महिने धरले तर एका पंख्यामागे दीडशेच्या वर युनिट वाचतात. म्हणजे शंभर किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड, आणि पैशात हजार-तेराशे रुपये. अडीच-तीन हजारांचा पंखा दोन-तीन उन्हाळ्यांत फिटतो. कूलरचंही तसंच, आपल्याकडे तो चार महिने दिवसरात्र चालतो. जुन्या लोखंडी कूलरची बॉडी ठेवा, ताट्या बदला, पण आतली मोटर जुनी जड असेल तर ती बदलण्यात अर्थ आहे. आणि तीन-तीनदा रिवाइंडिंग केलेली पंपाची मोटर, ती तर पाण्यापेक्षा उष्णताच जास्त देते. हे मी माझ्या धंद्याच्या विरोधात बोलतोय. गावात रिवाइंडिंगवाले माझेच मित्र आहेत.

पंपाचा विषय निघालाच तर डीपीचं, म्हणजे वावरातल्या ट्रान्सफॉर्मरचं बोलतो, कारण याबद्दल कुणी “पर्यावरण” म्हणून बोलत नाही. हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत सगळ्यांचे पंप ऑटोवर टाकलेले. लाईन आली की पंचवीस मोटरी एकाच क्षणी उचलतात, सुरुवातीचा करंट पाच-सहापट, डीपी जळते. मग आठ-दहा दिवस अंधार, पीक वाळतं, आणि जळालेलं तांबं, तेल, लोखंड सगळं परत कारखान्यात. प्रत्येक पंपाला योग्य मापाचा कॅपॅसिटर लावला, काही शे रुपयांची गोष्ट, की तारेतला फालतू करंट कमी होतो, व्होल्टेज सुधारतं, डीपीवरचा भार उतरतो. पण माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ स्टार्टरच्या पेट्यांत कॅपॅसिटरची वायर कापलेली असते. काहून कापली विचारलं तर “मिस्त्रीनं काढली, गरज नाही म्हणे.” ऑटोच ठेवायचा असेल तर निदान टायमर लावा. तुमची मोटर दोन मिनिटांनी, शेजाऱ्याची चार मिनिटांनी.

सौर पंपाला हे दुखणं नाही, त्याला बॅटरीही नाही, म्हणून तो ढिगात बॅटऱ्यांची भर घालत नाही. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत कास्तकाराचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के, आणि पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादाराची. तेव्हा पाच वर्षांच्या आत गावातल्या कुणाला, मला सुद्धा, कंट्रोलर खोलू देऊ नका. तक्रार लेखी करा, तिचा नंबर ठेवा. रात्री जागलीला जायची कटकट वाचली हा फायदा तर आहेच. त्याच्या दोन उणिवा मात्र सांगतो. फुकट पाणी येतं म्हणून पंप दिवसभर सुरू ठेवायची सवय लागते. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात बोअर किती खोल गेले ते सगळ्यांनी पाहिलंय, तिथे पंप कोळशावर चालतो की उन्हावर याने भूजलाला काही फरक पडत नाही. ठिबक नसेल तर सौर पंप अर्धाच हिरवा. दुसरं, ५ एचपीच्या पंपामागे जवळपास ५ किलोवॉटची पॅनेलं असतात आणि वर्षातले कितीतरी महिने ती नुसती ऊन खात उभी. त्याच पॅनेलवर कडबा कुट्टी किंवा पीठगिरणी चालवता येईल असे युनिव्हर्सल कंट्रोलर निघाले आहेत. पुढेमागे कंट्रोलर बदलायची वेळ आली तर तोच मागा. आत्ताच्या कंट्रोलरला जुगाड करून गिरणी जोडू नका, हमी जाईल आणि बोर्डही.

अर्थिंगही याच ओघात. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हातभर फाटते, अर्थिंगच्या सळईभोवती मोकळी भेग पडते, आणि पहिल्या वळवाच्या पावसात वीज पडली की करंटला जमीन सापडत नाही, तो तुमच्या कंट्रोलरमधून वाट काढतो. एप्रिल-मेमध्ये आठवड्याला दोन बादल्या पाणी त्या खड्ड्यात ओता. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात माझ्याकडे जेवढे कंट्रोलर आणि झटका मशीन येतात त्यातले निम्मे याच कारणाचे. आणि झटका मशीन बंद पडली म्हणून कुणी कुंपणात सरळ लाईन सोडत असेल तर त्याला थांबवा. मशीनचा झटका सेकंदाला एकदा, तोही डोळ्याचं पातं लवायच्या आत संपणारा. तो रोही-डुकराला हाकलतो. सरळ लाईन माणसाला धरून ठेवते. आपल्या भागात त्याने वाघही मेलेत आणि कुंपण लावणारेही.

आता घरावर सोलर टाकू का? टाका. १ किलोवॉटला आपल्याकडे सरासरी दिवसाला चारेक युनिट मिळतात. पीएम सूर्य घर योजनेत केंद्राचं अनुदान १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा जास्तीला ७८ हजार. पण एक गोष्ट विकणारा स्पष्ट सांगत नाही: साध्या ऑनग्रिड, म्हणजे लाईनला जोडलेल्या सोलरला बॅटरी नसते आणि लाईन गेली की तेही बंद पडतं, भर उन्हात. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या घरून झटका बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली आहे. म्हणून मी सांगतो, छपरावर ऑनग्रिड मोठं, आणि लाईन गेल्यावरचे पंखे-दिवे यांच्यापुरती बॅटरी लहान. अख्खं घर बॅटरीवर चालवायचा नाद हाच ढिगाचा बाप आहे. आधी पंखे बदला, मग बॅटरीचं माप काढा. चार जुने पंखे ३०० वॉट, चार नवे १२०. बॅटरी आपोआप निम्म्याहून लहान झाली.

लिथियमचं म्हणाल तर होय, पण लिथियम फेरो फॉस्फेट जातीची. त्यात कोबाल्ट-निकेल नाही, आणि दोन-तीन हजार वेळा चार्ज-डिस्चार्ज सोसते. शिशाच्या १५० एएच (अँपिअर-अवर, बॅटरीचं माप) मधून निम्मीच वीज काढावी, नाहीतर ती लवकर संपते. लिथियमच्या १०० एएचमधून ऐंशी टक्के खुशाल काढा. म्हणजे हातात तेवढीच किंवा जास्त वीज येते, आणि वजन पन्नास किलोऐवजी बारा-तेरा. पण इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सेटिंग आहे का ते आधी बघा. आणि आत सेल स्क्रूने जोडलेले, खोलता येणारे घ्या. रसायन ओतून सीलबंद केलेला डबा घेतलात तर एका सेलसाठी पुढे सगळाच फेकावा लागेल. माझ्यासारख्याला आत हात घालता येतो की नाही, ही वस्तू घेतानाची परीक्षा समजा.

ढीग कुणाला द्यायचा? शिशाची बॅटरी ही खरं तर सगळ्यात चांगली परत फिरणारी वस्तू आहे. निम्म्याहून जास्त वजन शिशाचं, ते वितळवून पुन्हा बॅटरी बनते, कितीही वेळा. वाईट फक्त तिचा रस्ता. बाजाराच्या दिवशी टेम्पो येतो, किलोमागे चार रुपये जास्त देतो, आणि ॲसिड तिथेच नालीत ओतून घेतो, वजन आणि त्रास वाचावा म्हणून. पुढे ते शिसं कुठल्या तरी उघड्या भट्टीत जातं, आणि त्याचा धूर लेकरांच्या रक्तात उतरतो. मेंदूवर त्याचा परिणाम होतो, तो परत भरून निघत नाही. २०२२ च्या बॅटरी नियमांनी जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. नवी घेताना जुनी त्याच दुकानात, आतलं ॲसिड न सांडता उभी नेऊन द्या आणि बिलात तिचे पैसे वजा झालेले दिसू द्या. बोर्ड, चार्जर, सीएफएल हे २०२२ च्याच ई-कचरा नियमांत येतं, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि सोलर पॅनेलही त्यांत आहेत. गावात रोज कुणी गोळा करायला येत नाही, हे खरं. म्हणून ग्रामपंचायतीच्या कोरड्या खोलीत एक झाकणाचा ड्रम ठेवायचा आणि तो भरला की परवानाधारक पुनर्वापर केंद्राकडे पाठवायचा. सीएफएल आणि ट्यूब त्यात न फोडता, पारा असतो. आणि वायर जाळून तांबं काढणं बंद करा. वायरचं प्लास्टिक जळताना जो धूर निघतो तो शेकोटीचा नाही. हाताने सोलायला वेळ लागतो, पण उजळ तांब्याला जळक्यापेक्षा भावही जास्त मिळतो.

मी स्वतः अजून शिशाचंच सोल्डर वापरतो, हेही सांगतो. बिनशिशाचं ३५ अंश जास्त तापवावं लागतं आणि जुने बोर्ड ते सोसत नाहीत. पंखा लावून काम करतो, जेवायच्या आधी हात साबणाने धुतो, आणि लेकरांना टेबलाजवळ येऊ देत नाही.

तुमची बॅटरी देऊन टाकली नसेल तर थांबा. मागचं बटण नॉर्मलवर करा. झाकणं खोलून पाणी बघा, कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, घरच्या फिल्टरचं नाही. दोन दिवस चार्जिंगला ठेवून ॲसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने सहाही कप्प्यांचं रीडिंग घ्या, शंभर-दीडशे रुपयांना मिळतो. सहापैकी एकच कप्पा ११०० च्या घरात आणि बाकीचे १२४० च्या आसपास असतील तर तो कप्पा गेला, बॅटरी दुकानात परत करा. सगळेच सारखे ११५०-११६० वर अडकले असतील तर ती उपाशी आहे, हळू चार्जिंगने उठण्याची शक्यता आहे. सहाही आकडे मला कळवा, आणि संध्याकाळी सात वाजता घरच्या प्लगवर किती व्होल्ट येतात तेही.